सूत्र आणि भाष्यकार

मनुष्याने आजवर जे अनेक खेळ निर्माण केले, त्यांची नावे बहुधा खेळण्याच्या साधनावरून, रीतीवरून किंवा एखाद्या स्थळावरून पडलेली आहेत. हुतूतू हे नाव खेळाडूच्या तोंडच्या ध्वनीवरून पडले, विटीदांडू हे हातातल्या लाकडावरून, आणि पुण्याच्या लष्करी छावणीत वाढलेल्या एका खेळाला अखेर नाव मिळाले ते बॅडमिंटन या इंग्लंडातील एका उमरावाच्या वाड्याचे. परंतु ज्याचे नाव थेट त्याच्या कायद्याच्या पुस्तकावरून पडले, असा खेळ मोटारशर्यतींखेरीज दुसरा सहसा आढळावयाचा नाही. ‘फॉर्म्युला वन’ या नावातील ‘फॉर्म्युला’ म्हणजे इंजिनाचे आकारमान किती असावे, गाडीचे वजन किती असावे, तिला काय जोडावे आणि काय जोडू नये हे ठरवून देणारा नियमसंच. आपल्याकडील शास्त्रकारांच्या भाषेत बोलावयाचे तर ‘सूत्र’. दुसरे महायुद्ध संपल्यावर मोटारसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अव्वल दर्जाच्या शर्यतींसाठी जे सूत्र ठरविले ते पहिले, आणि त्याखालच्या लहान गाड्यांसाठी ठरविले ते दुसरे.

सूत्राचा स्वभाव असा की ते अल्पाक्षरी असते, आणि अल्पाक्षरी असल्यामुळेच त्याला भाष्यकार लागतो. नियम करणारा आपल्या समजुतीप्रमाणे सर्व वाटा बंद करून निर्धास्त होतो, आणि भाष्यकार, म्हणजे येथे गाडीचा रचनाकार, तेच वाक्य उजेडात धरून कोठे फट राहिली आहे ते शोधीत बसतो. गेल्या पाऊणशे वर्षांत या अजिंक्यपदावर ज्या ज्या संघांनी अंमल गाजविला, त्यांच्या हकिकती एकीशेजारी एक मांडून पाहिल्या म्हणजे असे दिसते की, चालकाचे धैर्य, धन्याची संपत्ती आणि कारागिरांचे कौशल्य ही सामग्री एकाच वेळी अनेक संघांपाशी असते. अंमल मात्र त्याचा बसतो, ज्याने नव्या सूत्राचे भाष्य इतरांच्या आधी लिहून ठेविलेले असते. आणि तो अंमल उठतो तोही पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याच्या पराक्रमाने नव्हे, सूत्रच बदलल्याने.

पहिला दाखला इटलीतील आल्फा रोमिओ संघाचा. 1950 साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा या संघाने जी गाडी मैदानात आणिली, ती नवी नव्हती; जोआकिनो कोलोंबो याने 1937–38 च्या सुमारास तिची रचना केली होती, आणि तीही अव्वल शर्यतींसाठी नव्हे, दीड लिटर इंजिनाच्या दुय्यम दर्जाच्या शर्यतींसाठी. युद्धाच्या धामधुमीत या गाड्या लपवून ठेवाव्या लागल्या. चीज करणाऱ्या एका कारखान्यात त्या दडविल्या होत्या, अशी हकिकत सांगतात. युद्धानंतर जे सूत्र जाहीर झाले त्यात एक वैकल्पिक कलम होते: इंजिनात दाबाने हवा कोंबणारा सुपरचार्जर बसविला तर इंजिन दीड लिटरचे, न बसविला तर साडेचार लिटरचे. दुय्यम दर्जासाठी बांधलेली गाडी या कलमाने घरबसल्या पहिल्या दर्जाला चढली. 13 मे 1950 रोजी सिल्व्हरस्टोन येथे, जुन्या लष्करी विमानतळाच्या आवारात, राजे सहावे जॉर्ज यांच्या समक्ष पहिली शर्यत झाली, तेव्हा आरंभीच्या रांगेतील चारही जागा आल्फाच्या होत्या आणि अखेरीस पहिले तीन क्रमांकही आल्फाचेच लागले. त्या वर्षी या संघाने ज्या सहा शर्यतींत भाग घेतला त्या सहाही जिंकल्या. सातवी अमेरिकेतील इंडियानापोलिसची होती, आणि तिच्याकडे युरोपातील मंडळी सहसा फिरकत नसत. फारिना 30 गुण मिळवून पहिला जगज्जेता झाला, आणि 27 गुणांवर थांबलेला फांजिओ हा त्याच्याच संघातला.

परंतु या गाडीच्या सामर्थ्यातच तिचे व्यसन दडलेले होते. सुपरचार्जरचा दाब वाढवीत नेऊन तिची शक्ती चारशे अश्वशक्तींच्या पलीकडे गेली, आणि तिची तहान इतकी वाढली की एका लिटर इंधनात ती जेमतेम अर्धा किलोमीटर जाई. एन्झो फेरारीने पूर्वी वर्षानुवर्षे आल्फाच्याच गाड्या शर्यतींत उतरविल्या होत्या. 1939 साली तो तेथून बाहेर पडला आणि पुढे त्याने आपले स्वतंत्र ठाणे उभारले. त्याचा रचनाकार ऑरेलिओ लाम्प्रेदी याने त्याच कलमाचा दुसरा विकल्प उचलला: सुपरचार्जर नको, साडेचार लिटरचे साधे इंजिन घ्यावे, शक्ती थोडी कमी पडली तरी इंधनासाठी थांबणेही कमी पडेल. 14 जुलै 1951 रोजी पुन्हा सिल्व्हरस्टोनवरच या दोन भाष्यांचा निकाल लागला. फेरारीच्या एका गाडीत होसे फ्रोइलान गोन्झालेस हा अर्जेंटिनाचा धिप्पाड गडी होता. मध्यंतरी इंधन घेण्यासाठी तो थांबला असता, संघातील ज्येष्ठ चालक आस्कारी याची गाडी बिघडून तो मोकळा उभा असल्याचे त्याने पाहिले, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आपली जागा त्याला देऊ केली. आस्कारीने मान हलवून त्याला परत गाडीत धाडले. फांजिओची आल्फा टाक्या भरून जड झाली होती. गोन्झालेस तिच्यापुढे जवळजवळ एक मिनिट राहून जिंकला. आल्फाच्या अजिंक्यतेला पडलेला हा पहिला तडा, आणि तो पाडणारा घरातूनच बाहेर पडलेला माणूस. आनंदाबरोबर मातृहत्येचे शल्यही आपणांस जाणवले, अशा आशयाची कबुली फेरारीने पुढे देऊन ठेविली आहे.

त्या वर्षीचे पद फांजिओने आल्फासाठी राखले खरे, पण सरकारी मालकीच्या त्या कंपनीला नव्या गाडीसाठी पैसा मिळेना, आणि 1951 च्या अखेरीस तिने मैदान सोडले. आता फेरारीशी टक्कर देईल असा संघ उरला नाही. एकट्याची शर्यत पाहण्यास लोक पैसे देणार नाहीत, या धास्तीने शर्यती भरविणाऱ्यांनी 1952 आणि 1953 या दोन वर्षांसाठी पहिले सूत्र बाजूस ठेवून दुसरे, म्हणजे दोन लिटरच्या साध्या इंजिनाचे, लागू केले. हेतू असा की लहान संघांनाही उभे राहता यावे. पण लाम्प्रेदीने या दुसऱ्या सूत्राचे भाष्यही लिहून ठेविले होते! त्याची चार सिलिंडरांची हलकी गाडी तयारच होती, आणि इंडियानापोलिस वगळता 1952 सालच्या सातही शर्यती फेरारीने जिंकल्या. आस्कारीने तर 1952 चे बेल्जियम ते 1953 चे बेल्जियम अशा युरोपीय पद्धतीच्या नऊ शर्यती ओळीने घेतल्या. मक्तेदारी मोडण्यासाठी काढलेल्या फर्मानाने मक्तेदारीच पक्की केली. या खेळाच्या दफ्तरात असे दाखले पुढेही पुष्कळ सापडतात.

1954 साली अडीच लिटरचे नवे सूत्र आले आणि त्यासोबत जर्मनीची मर्सिडीज आली. नियमांत चाके उघडी असावीत असे कोठेही लिहिलेले नव्हते. म्हणून 4 जुलै रोजी फ्रान्समधील रँस येथे फांजिओ आणि क्लिंग ज्या रुपेरी गाड्या घेऊन उतरले, त्यांची चाके गुळगुळीत पत्र्याखाली झाकलेली होती, आणि त्या सरळ रस्त्यांवर हे दोघेच पुढे राहिले. परंतु भाष्यालाही भूगोल असतो. दोनच आठवड्यांनी सिल्व्हरस्टोनच्या वळणांवर फांजिओला आपलीच चाके दिसेनात. वळणांच्या खुणेसाठी ठेविलेली तेलाची पिंपे ठोकरीत, पत्रा चेपून घेऊन, तो चौथा आला. मर्सिडीजने लगेच उघड्या चाकांची गाडी काढली, आणि दोन वर्षांत 12 पैकी 9 शर्यती जिंकून 1955 च्या अखेरीस ती निघून गेली. हा अंमल सूत्राने संपविला नाही. त्या वर्षी 11 जूनला ल मान येथील वेगळ्या प्रकारच्या शर्यतीत याच कंपनीची एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली होती. स्वित्झर्लंडने तर त्यानंतर आपल्या मुलखात अशा शर्यतींवर बंदीच घातली, आणि ती पुढे कित्येक दशके टिकली.

यानंतर सत्तेचे केंद्र इटली-जर्मनीतून इंग्लंडातील लहान लहान कारखान्यांकडे सरकले. कूपर पितापुत्रांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे बसविले. बैल गाडी ओढतो, ढकलीत नाही, असा टोला एन्झो फेरारीने मारल्याचे सांगतात, पण 1959 आणि 1960 अशी दोन्ही वर्षे जॅक ब्रॅबम याने ढकलणाऱ्या बैलानेच जिंकली. त्यांच्यामागून आला लोटस संघाचा कॉलिन चॅपमन. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे आपल्या पंडितांत म्हणत. चॅपमनला तो आनंद गाडीचे चार औंस वजन घटले तरी होई. 1962 साली त्याने गाडीचा नळ्यांचा सांगाडा काढून टाकून होडीच्या पोकळ कवचासारखी काया बनविली, आणि पुढच्या वर्षी जिम क्लार्कने तिच्यातून 10 पैकी 7 शर्यती मारल्या. 1967 साली फोर्ड कंपनीच्या एक लाख पौंडांवर कीथ डकवर्थने कॉसवर्थ डीएफव्ही हे इंजिन तयार केले. ते पहिल्याच शर्यतीत जिंकले आणि पुढच्या वर्षापासून पैसे मोजील त्या संघाला विकत मिळू लागले. 1969 व 1973 या वर्षांतील तर एकूण एक शर्यती त्याच इंजिनाने जिंकल्या. शस्त्र सर्वांच्या हाती एकच आले म्हणजे युद्ध दुसऱ्या जागी जाऊन लढावे लागते. ते गेले हवेत.

विमानाचा पंख हवेने वर उचलला जातो. तोच उलटा करून गाडीच्या पोटाखाली घडविला आणि दोन्ही बाजूंनी जमिनीस टेकणारे सरकते पडदे लावले, तर पोटाखालून वेगाने जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरते, हे चॅपमनच्या मंडळींनी 1977–78 मध्ये सिद्ध केले. 1978 चे पद मारिओ आन्द्रेत्तीने त्या काळ्या-सोनेरी लोटसमधून जिंकले. पण भाष्यकाराच्या बुद्धीचा अस्सल मासला त्या वर्षी ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरे याने दाखविला. नियमात असे होते की हवेच्या जोराचा लाभ देणारा कोणताही भाग हलता असू नये. मरेने गाडीच्या पाठीवर एक मोठा पंखा बसविला, तो इंजिनाला जोडला आणि इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवून सांगितले की हा पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे. त्याने पोटाखालची हवाही शोषली जाते, हा केवळ आनुषंगिक परिणाम होय. 17 जून रोजी स्वीडनमध्ये ती गाडी उभी असताना यांत्रिकाने इंजिनाचा वेग वाढविला की सर्वांच्या देखत ती, एखादी गाय बसावी तशी, चाकांवर खाली बसे. आपली खरी चपळाई आधी उघड होऊ नये म्हणून त्या संघाने पात्रतेच्या फेऱ्या भरलेल्या टाक्यांनी काढल्याचे सांगतात. निकी लाउडा अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने जिंकला. पंख्याने धोंडे-माती अंगावर येते अशी तक्रार मागच्यांनी गुदरली. विजय कायम राहिला, पण ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत दिसली नाही. सरकते पडदे पुढे 1981 साली बंद झाले, आणि 1983 पासून गाडीचा तळ सपाट असलाच पाहिजे असा हुकूम निघाला.

आता ज्या वर्चस्वाचे नाव आजही प्रथम तोंडी येते, त्या 1988 च्या मॅक्लारेनकडे वळावयास हवे. धुराच्या जोराने हवा कोंबणाऱ्या टर्बो इंजिनांची शक्ती हाताबाहेर गेली म्हणून 1989 पासून ती सर्वस्वी बंद करावयाची, असे नियामक मंडळाने आधीच जाहीर केले होते. 1988 हे मधले वर्ष टर्बोला कसेबसे जगू देण्याचे: इंधन फक्त 150 लिटर, हवेचा दाब फक्त अडीच बार, उलट साध्या इंजिनांना इंधनाची मोकळीक आणि वजनात सूट. बहुतेक संघांनी असा हिशेब केला की जे वर्षाअखेर मरणारच आहे त्यावर खर्च कशाला करावयाचा, आणि ते साध्या इंजिनांकडे वळले. होंडाने मात्र त्या एका वर्षाच्या आयुष्यासाठी एक अगदी नवे इंजिन घडविले, आणि मॅक्लारेनने त्याच्याभोवती अशी बुटकी गाडी बांधली की चालकाला आरामखुर्चीत रेलावे तसे जवळजवळ निजूनच ती हाकावी लागे. चालक दोघे, आलँ प्रोस्त आणि आयर्टन सेना. वर्षातील दुसऱ्याच शर्यतीत, इमोला येथे, या दोघांनी तिसऱ्यासकट सर्वांना एक पूर्ण फेरी मागे टाकले. तो तिसरा होता नेल्सन पिके, मागल्या वर्षीचा जगज्जेता. आणि त्याच्या लोटसमध्येही तेच होंडा इंजिन होते! त्या लोटसला वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही, यावरून इंजिन हे भाष्याचे एक प्रकरण आहे, संपूर्ण ग्रंथ नव्हे, हे कळून यावे.

16 पैकी 15 शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या. सेनाने 8, प्रोस्तने 7. निर्मात्यांच्या तक्त्यात तिचे 199 गुण झाले आणि दुसऱ्या क्रमांकावरील फेरारीचे 65. सोळावी शर्यत गेली ती 11 सप्टेंबरला, मोंझा येथे. एन्झो फेरारीला जाऊन महिनाही झाला नव्हता. 14 ऑगस्टला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला होता, आणि त्याच्या गाड्या डोळ्यांसमोर हरताना पाहण्याची सवय झालेला इटालियन जनसमुदाय त्या दिवशी केवळ रीत म्हणून जमला असावा. उत्तरार्धात प्रोस्तचे इंजिन बंद पडले. सेना पुढे होता, पण प्रोस्तशी चढाओढ करताना त्याचे इंधन वाजवीपेक्षा अधिक खर्ची पडले होते, आणि बेर्गर व आल्बोरेतो यांच्या दोन तांबड्या फेरारी फेरीगणिक अंतर कापीत होत्या. दोन फेऱ्या उरल्या असता पहिल्या वळणावर सेनासमोर एक मागे पडलेली विल्यम्स आली. तिचा नेहमीचा चालक मॅन्सेल कांजिण्यांनी अंथरुणाला खिळला होता, आणि त्याच्या जागी ज्याँ-लुई श्लेसर हा चाळिशीला टेकलेला फ्रेंच गृहस्थ या दर्जाच्या शर्यतीत आयुष्यात प्रथमच उतरला होता. वाट देण्याच्या गडबडीत त्याची चाके लटपटली, तो सावरला आणि वळणाकडे परतला. सेना तेवढ्यात आत घुसला होता. दोघे भिडले, आणि मॅक्लारेन दगडी कडेवर अडकून उभी राहिली. फेरारी पहिली आणि दुसरी आली. दैवाने त्या वृद्धाच्या तेराव्याला न पोहोचलेला नैवेद्य उशिरा का होईना पोहोचविला, असे त्या जमावाला वाटले असल्यास नवल नाही. परंतु इतिहासकाराने एवढेच नोंदवावे की त्या ऋतूत जी एक शर्यत मॅक्लारेनच्या हातून गेली, त्या दिवशी तिच्या दोन्ही गाड्या वाटेतच थांबल्या.

पुढची प्रकरणे थोडक्यात आटोपता येतील, कारण त्यांची चाल हीच आहे. 1992 साली विल्यम्स संघाने, पॅट्रिक हेड आणि एड्रियन न्यूई यांच्या रचनेने, संगणकाच्या आज्ञेने गाडीची उंची सतत सम राखणारी यंत्रणा पूर्णत्वास नेली. मॅन्सेलने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि ऑगस्टमध्येच पद पदरात पाडून घेतले. पुढच्या वर्षी प्रोस्तनेही त्याच संघातून पद जिंकले, आणि 1994 पासून चालकाचे काम स्वतः करणाऱ्या या सर्व विद्युत्-साहाय्यांवर बंदी आली.

फेरारीची 2000 ते 2004 ही पाच वर्षे मात्र निराळ्या मासल्याची होत. येथे एका युक्तीचे भाष्य नव्हते. ज्याँ तोद याचा कारभार, रॉस ब्रॉन याची मसलत, रोरी बर्न याची रचना आणि मायकेल शूमाकर याचा पाय, अशी ती अष्टप्रधानी व्यवस्था होती. नियमांत सरावाला मर्यादा फारशी नव्हती, आणि फेरारीच्या कारखान्याच्या दारातच फिओरानो हा तिचा खाजगी मार्ग होता. टायर पुरविणारी ब्रिजस्टोन कंपनीही मुख्यतः याच संघाच्या पायाचे माप घेऊन टायर घडवी. 2002 साली फेरारीने 17 पैकी 15 शर्यती जिंकल्या, आणि तिचे 221 गुण बाकीच्या सर्व संघांच्या एकूण गुणांइतके भरले. शूमाकर सतराही शर्यतींत पहिल्या तिघांत होता.

पण याच वर्षी अंमलाला जो डाग लागला तो त्या आकड्यांपेक्षा अधिक काळ लक्षात राहिला. 12 मे रोजी ऑस्ट्रियात शूमाकरचा सहकारी रुबेन्स बारिकेल्लो आरंभापासून पुढे होता. अखेरच्या फेरीत, विजयरेषा डोळ्यांपुढे असताना, संघाच्या हुकमावरून त्याने गाडी मंद केली आणि शूमाकर पुढे गेला. प्रेक्षकांनी इतका धिक्कार केला की ओशाळलेल्या शूमाकरने विजयमंचावर आपली जागा बारिकेल्लोला दिली. विजय विकृत झाला त्यास शिक्षा नाही, पण मंचावरची जागा बदलली म्हणून संघाला दहा लाख डॉलरांचा दंड झाला! सूत्रात जे लिहिलेले असेल त्याचाच दंड होतो. जे लिहिलेले नाही ते मागाहून लिहावे लागते. पुढच्या वर्षापासून अशा हुकमांना मनाई झाली, गुणांची वाटणीही बदलली, आणि तरीही पद फेरारीकडेच राहिले. अखेर 2005 साली शर्यतीच्या मध्ये टायर बदलण्यास बंदी आली, आणि त्या एका कलमाने जे पाच वर्षे कोणाला साधले नव्हते ते केले: त्या वर्षी फेरारीने एकच शर्यत जिंकली, इंडियानापोलिसची, आणि तीही मिशेलिन टायरांच्या चौदा गाड्या आरंभापूर्वीच माघारी वळून मैदानात सहाच उरल्यावर.

या इतिहासाचा एक अध्याय आपल्या देशातही घडला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे 2011, 2012 आणि 2013 अशी तीन वर्षे ही शर्यत झाली, आणि तिन्ही वेळा रेड बुल संघाचा सेबास्टियन फेटल जिंकला. सुटलेल्या धुराच्या वायूलाही गाडी खाली दाबण्याच्या कामी जुंपावे, हे आता या संघात असलेल्या न्यूईच्या नव्या भाष्यातील गाजलेले प्रकरण. 27 ऑक्टोबर 2013 रोजी येथेच फेटलचे सलग चौथे अजिंक्यपद निश्चित झाले. विजयानंतर गाडी ठराविक आवारात नेऊन ठेवावी असा नियम; परंतु त्याने ती प्रेक्षागारासमोर गरगर फिरवून धुराच्या लोटात उभी केली, तो खाली उतरला आणि गुडघे टेकून त्याने तिला दोन्ही हातांनी वाकून नमस्कार केला. दोनच आठवड्यांपूर्वी दसऱ्याला आपापल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालून आलेल्या लोकांना याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पंचांनी मात्र त्या नमस्काराची किंमत केली: चालकाला समज आणि संघाला 25 हजार युरो दंड. नंतर कराच्या तगाद्यात ती शर्यतच आपल्याकडून गेली. आणि पुढल्या वर्षी 1.6 लिटरचे, विजेची जोड असलेले इंजिन सक्तीचे झाल्यावर त्याच फेटलला, त्याच संघात, वर्षभरात एकही विजय मिळाला नाही.

कारण त्या सूत्राचे भाष्य मर्सिडीजने लिहिले होते. टर्बोची दोन अंगे, धुराने फिरणारे चक्र आणि हवा दाबणारे चक्र, इतरांनी शेजारी शेजारी ठेविली. मर्सिडीजने ती इंजिनाच्या दोन टोकांस नेऊन मधून दांडा घातला. बदल कागदावर एका रेघेचा, पण त्या रेघेपासून आरंभ होऊन 2014 ते 2021 अशी आठ वर्षे निर्मात्यांचे पद त्या घरातून हलले नाही. आता मात्र सूत्रकार अनुभवाने शहाणे झाले होते. त्यांनी नवे सूत्र केले त्यात गाडीच्या रचनेबरोबर संघाच्या तिजोरीलाही कलम लावले: 2021 पासून खर्चाला मर्यादा, आणि वातबोगद्यातील प्रयोगांचा वाटा आदल्या क्रमांकाच्या उलट्या प्रमाणात, पहिल्याला सर्वांत कमी आणि शेवटच्याला सर्वांत जास्त. विजयावर बसविलेली ही एक प्रकारची चौथाईच होय.

2022 च्या या सूत्राने, चाळीस वर्षांपूर्वी हद्दपार झालेला पोटाखालचा उलटा पंख सन्मानाने परत बोलाविला. जुने सूत्र फिरून आले की त्याचे भाष्य कोणाला मुखोद्गत आहे याची चौकशी करावी. 1980 साली साउदम्प्टन विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी जो प्रबंध लिहिला होता, तो नेमका याच विषयावर होता. त्याचे नाव एड्रियन न्यूई. विल्यम्स, मॅक्लारेन, रेड बुल अशा तीन घराण्यांतून फिरलेला आणि संगणकाच्या युगातही रेखाटनफळ्यावर पेन्सिलीने काम करणारा हा गृहस्थ 2023 साली रेड बुलचा मुख्य तांत्रिक अधिकारी होता, आणि चौथाई भरूनही त्या संघाने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या. मॅक्स फेरस्टापेनच्या एकट्याच्या 19. जी एक गेली ती सिंगापूरची, 17 सप्टेंबरला, आणि घेणारा संघ पुन्हा फेरारीच.

पस्तीस वर्षांच्या अंतराने पडलेल्या मोंझा आणि सिंगापूर या दोन हुकलेल्या शर्यती सोडल्या, तर या दोन ऋतूंच्या तक्त्यांत प्रतिस्पर्ध्यांसाठी पहिल्या क्रमांकाची एकही जागा उरत नाही. असा तक्ता पाहून सामान्य रसिक कंटाळतो, आणि त्याच्या कंटाळ्याला भिऊन सूत्रकार पुन्हा लेखणी उचलतात. परंतु त्यांनी नवे पान लिहून वाळू टाकावी न टाकावी, तोच कोठेतरी एका फळ्यासमोर बसलेला माणूस ते वाचावयास लागलेला असतो. आणि इतर लोक वाक्यात काय सांगितले आहे ते पाहत असताना, तो त्यात काय सांगावयाचे राहिले आहे ते पाहत असतो.